रेशन कार्डावरची नात

नाव: द्वारका सुखदेव रणपिसे. वय: ६६ वर्षे. धंदा: घरकाम. शिक्षण: तिसरी पास, चौथीत आठ दिवस. धर्म: बौद्ध. राहणार: धायरी, सिंहगड रस्ता, पुणे. दिनांक २७ मार्च २००८, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे.

वर नाव लिहिलेली मी आज आपणहून ठाण्यात आले आहे आणि समोर बसून सांगते ते असे. बोलावणे मला नव्हते, माझ्याकडे राहणाऱ्या मुलीला होते. तिला बाहेर बाकड्यावर बसवून मी आधी आत आले. पोलीस उपनिरीक्षक संभाजी काळभोर साहेब विचारत आहेत आणि महिला शिपाई मंदाकिनीबाई लिहून घेत आहेत. मी जरा जास्त बोलते. त्यावर साहेब म्हणाले, बोलतील तसे लिहा. खाडाखोड चालत नाही, म्हणून नको ते लिहिले गेले तर राहू द्यावे.

मी सदर घरात सन १९८९ पासून राहते. 'सदर' हा शब्द मंदाकिनीबाईंचा आहे. माझे मालक सुखदेव केंद्र सरकारच्या एका कारखान्यात फिटर होते, सन १९९८ मध्ये वारले. मुलगा आणि सून नोकरीमुळे नाशिकला असतात. नात अक्षता लहानपणापासून माझ्याजवळ. ती शिकली, आयटीत लागली आणि जून २००६ मध्ये कंपनीने तिला अमेरिकेला पाठवले. फार आनंद झाला होता, आळीत पेढे वाटले. नंतर वरची खोली मोकळी राहिली. खाली मी एकटी.

जुलै २००६ मध्ये एका रविवारी विहारात वंदनेला गेले असता मागच्या सतरंजीवर एक मुलगी बसलेली दिसली. गाल लालबुंद, केस सरळ. वंदना आमची पाली, ती आपल्या मनात वेगळेच पुटपुटत होती. मी विचारले, "कुठली गं तू?" ती हिंदीत म्हणाली, तिबेटची. मी विचारले, "धर्म?" ती म्हणाली, "बुद्ध." तिला खोली हवी होती. मी त्याच दिवशी किल्ली दिली. आपल्या धर्माचे माणूस इतक्या लांबून आपल्या दारात येते ही काय साधी गोष्ट आहे का साहेब? साहेब म्हणाले, पुढे.

तिचे नाव डेचेन वांगमो, आता वय २२. आठ वर्षांची असताना मामाबरोबर बर्फातून चालत नेपाळवरून आली. आई तिकडेच राहिली. ही हिमाचलात तिबेटी मुलांच्या वसतिगृहात वाढली आणि पुण्यात बी. कॉम.ला आहे. निर्वासितांना मिळते ते नोंदणीचे पुस्तक तिच्याकडे आहे. ते दर वर्षी नवीन करावे लागते. आठ दिवसांच्या आत मी भाडेकरूची माहिती चौकीत दिली आणि त्या पुस्तकाची झेरॉक्स जोडली. तेव्हा सगळे नीट केले होते.

ती कशी वागते असे विचारल्यावरून सांगते की, चांगली. पहाटे उठून खोलीत सात वाट्या पाण्याच्या मांडते. दलाई लामांचा फोटो आहे, त्याला पांढरा रेशमी पंचा घातलेला. तिच्या आईच्या गावात तो फोटो घरात सापडला तर माणूस धरून नेतात, असे ती म्हणाली. मी तिला सांगितले की आमच्यात माळ ओढणे नाही, आणि माणूस मेला की परत जन्म घेतो असे आम्ही मानत नाही, बाबासाहेबांनी तसे शिकवलेच नाही. ती हसली. "आजी, म्हणजे आपण परत भेटणार नाही?" मी म्हणाले, "ह्याच जन्मात पोटभर भेटून घे." तिला मराठी सहा महिन्यांत आली. ती चहात लोणी आणि मीठ घालते, तो मला गेला नाही. मोदकासारखे काहीतरी उकडते, आत गूळ-खोबऱ्याऐवजी कोबी. त्यावर साहेबांनी विचारले की ही पाककृती कोणत्या कलमाखाली घेऊ. म्हणून थांबते.

दिनांक आठवत नाही, पण जुलै २००७ मध्ये, गुरुवारी, दुपारी साधारण चारच्या सुमारास मी आणि डेचेन मोबाईलच्या दुकानात गेलो. तोपर्यंत ती कोपऱ्यावरच्या बूथवरून दोन-तीन महिन्यांतून एकदा आईशी बोलायची. बोलणे तीनच मिनिटे. आई तिकडे काय जपून बोलायची कोण जाणे, ही इकडे नुसती "हं, हं" करायची. आपला फोन असला तर आईला करता येईल तेव्हा आईही करील, म्हणून गेलो. दुकानातला पोरगा कॉम्प्युटरवर भरत होता. नाव झाले, पत्ता झाला. मग म्हणाला, "मॅडम, कंट्रीच्या लिस्टमध्ये तिबेट नाहीये. चायना टाकू?"

डेचेन म्हणाली, "नको."

"अहो, नुसतं सिलेक्ट करायचंय. कोण बघतंय?"

"मी बघतेय," असे ती म्हणाली. आणि कागद गोळा करून बाहेर आली.

घरी जेवली नाही. मी तिला म्हणाले की मग इकडचीच हो ना बाई, एवढी वर्षे झाली, सरकार देईल. त्यावर ती जे बोलली ते मला आता नीट आठवते, तेव्हा मी मेथी निवडत होते. ती म्हणाली, "आजी, इथे मला सगळं मिळालं. पण आम्ही सगळेच इकडचे झालो, तर तिकडे आमचा देश होता हे सांगणार कोण? माझ्या पुस्तकात तिबेटी लिहिलंय. माझ्याकडे तेवढंच आहे." मी म्हणाले, "हो का." आणि मेथीची जुडी बदलली.

इथे एक गोष्ट विचारलेली नाही तरी सांगते. माझ्या मालकांनी कारखान्याच्या सर्व्हिस बुकात जात-धर्माच्या जागी फक्त 'बौद्ध' लिहून घेतले होते. कारखान्यातल्या साहेबांनी त्यांना बोलावून सांगितले की जुन्या जातीचे नाव राहू दे, प्रमोशनला सवलत मिळेल, बौद्धाला केंद्रात सवलत नाही. ते म्हणाले, जे टाकून दिले ते भाकरीसाठी परत उचलायचे नाही. त्यांच्यामागून आलेले चार्जमन झाले, हे फिटरच राहिले. मी त्यांच्याशी ह्यावरून बारा वर्षे भांडले. एका शब्दाने काय होते, असे मी म्हणायचे. सन १९९० मध्ये केंद्राने बौद्धांना सवलत दिली. हे १९८९ ला रिटायर झाले होते. तेव्हा हे सगळे मला ठाऊक नव्हते असे मी म्हणू शकत नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये रेशन कार्डे नव्याने करून घेण्याचे फॉर्म आले. दिनांक १२ रोजी मी एकटी रेशनच्या कचेरीत गेले. बाहेर टेबल टाकून फॉर्म भरून देणारे श्रीधर बसतात. त्यांनी विचारले, घरात माणसे किती. अक्षताचे नाव कमी करायचे होते. मी म्हणाले, "एक गेली, एक आली. नात लिहा." नाव विचारल्यावर मी दीक्षा सांगितले. वडिलांचे नाव विचारल्यावर माझ्या मुलाचे सांगितले. जन्मतारीख विचारली, मी बुद्धपौर्णिमा म्हणाले. ते म्हणाले, "आजी, तारीख सांगा, सण नको." मग मी अक्षताची सांगून टाकली. खाली लिहिले होते की वरील सर्व माणसे माझ्या कुटुंबातली आहेत आणि हे खरे आहे. ते त्यांनी मला वाचून दाखवले. मी सही केली. ह्यात श्रीधर यांचा दोष नाही, ते मी सांगितले तसे लिहीत गेले.

हे का केले असे विचारल्यावरून सांगते की, तिला फोन मिळावा, दर वर्षी पुस्तक घेऊन हेलपाटे घालायला लागू नयेत, कोणी "चायना टाकू का" असे विचारू नये. आणि मला आनंद वाटला म्हणूनही. दीक्षा रणपिसे, नात. श्रीधर यांचे अक्षर सुरेख आहे.

कार्ड ऑक्टोबरमध्ये हातात आले. मी ते विहारात नेऊन बायकांना दाखवले. एक बाई म्हणाली, "द्वारके, हिचं बाळंतपण कधी केलंस? आम्हाला घुगऱ्या नाही मिळाल्या त्या!" सगळ्या हसल्या, मीही हसले. दसऱ्याला, म्हणजे दिनांक २१ ऑक्टोबर रोजी, धम्मदीक्षेच्या दिवशी सकाळी, मी ते डेचेनच्या हातात दिले. तिला देवनागरी वाचता येते. तिने दोनदा वाचले. तिने विचारले, "ही कोण?" मी म्हणाले, "तू." ती म्हणाली, "आजी, ही मी नाही."

ती रागावली नाही. मला बसवले, पाणी दिले. म्हणाली की नुकताच तिकडच्या सरकारने हुकूम काढला आहे, पुढचा कुठलाही लामा कोणाचा अवतार हे सरकारने मान्य केल्याशिवाय खरे नाही. मी म्हणाले, "हे कोण ठरवणारे? माणूस कोण आहे हे काय कागदावर शिक्का मारून ठरतं?" ती माझ्याकडे बघत राहिली. मग मला समजले आणि मी उठून आत गेले.

त्याच दिवशी दुपारी तिने स्वतःच्या हाताने मराठीत अर्ज लिहिला. चार ठिकाणी चुकला म्हणून चार कागद फाडले. अर्जात लिहिले की ती तिबेटी निर्वासित आहे, कार्डावरचे नाव तिला न विचारता घातले आहे, ते काढून टाकावे. खाली सही केली, तारीख घातली आणि माझ्याकडे देऊन म्हणाली, "उद्या नक्की द्या हं आजी." मी म्हणाले, "देते."

दिला नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती असे मी सांगणार होते, पण सुट्टी नव्हती. मी कचेरीच्या दारापर्यंत गेले होते. मग वाटले, चार दिवस राहू दे. मी अर्ज घरी आणून गादीखाली ठेवला. आठ दिवसांनी तिने विचारले, "दिला का?" मी म्हणाले, "दिला. साहेबांनी घेतला." ती माझ्या गळ्यात पडली. त्यानंतर पाच महिने तिने एकदाही विचारले नाही. का विचारील?

दिनांक १० मार्चपासून तिकडे गडबड सुरू झाली, टीव्हीवर दाखवत होते. तिच्या आईचा फोन लागेना. ती कॉलेज सुटल्यावर बूथवर जायची आणि दहा मिनिटांत परत यायची. दिनांक १८ रोजी पुण्यातली तिबेटी मुले-मुली कलेक्टर कचेरीबाहेर तोंडाला काळी फीत बांधून बसली, त्यात ही होती. कोणी घोषणा दिली नाही, दगड मारला नाही. पोलिसांनी नावे लिहून घेतली आणि संध्याकाळी सोडले. मी घरी विचारले, "बसून काय होतं गं?" ती म्हणाली, "आईला कळणार नाही. पण मी बसले."

दिनांक २५ रोजी सकाळी साडेदहाला एक हवालदार घरी आले. डेचेन कॉलेजात होती. त्यांनी विचारले, वर कोण परदेशी राहते. साध्या चौकशीला आले होते, ते काही वाईट बोलले नाहीत. मी घाबरले. मला वाटले, बसली म्हणून आता हिला धरून नेणार. मी म्हणाले, "परदेशी कोणी नाही हो, माझी नात राहते." आणि कपाटातून कार्ड काढून पुढे केले. त्यांनी वाचले, "दीक्षा?" मी म्हणाले, "हो, दीक्षा." त्यांनी नंबर लिहून घेतला, चहा घेतला आणि गेले. मला वाटले मी तिला वाचवली. त्या खुशीत मी शिरा केला. ती आल्यावर दोन वाट्या खाल्ल्या तिने. कशाबद्दल शिरा, ते मी सांगितले नाही.

काल दिनांक २६ रोजी डेचेनला ठाण्यात बोलावले. काळभोर साहेबांनी तिचे पुस्तक आणि कार्डाचा उतारा शेजारी ठेवून विचारले की तू दीक्षा की डेचेन. ती म्हणाली, डेचेन, आणि ते नाव ऑक्टोबरमध्येच काढायला सांगितले आहे, आजींनी अर्ज दिला आहे. साहेबांनी कचेरीत फोन केला. असा अर्ज आला नव्हता. साहेबांनी तिला समजावून सांगितले की खोटी माहिती देऊन दुसरा कागद केला असे ठरले तर गुन्हा दाखल होईल, आणि गुन्हा असला तर एप्रिलमध्ये पुस्तक नवीन होणार नाही. पुस्तक नसले तर इथे राहता येत नाही. आणि जायचे म्हटले तर तिला जायला कुठे नाही, हे साहेबांनाही माहीत आहे.

अक्षताचा रोज संध्याकाळी फोन येतो, तिला मी हे सांगितले. ती ओरडलीच. "आज्जी, तुला कळतंय का, धिस इज फ्रॉड! तू कोणाला विचारून केलंस?" मी म्हणाले, तू असतीस तर तुला विचारले असते.

त्याआधी, काल डेचेन ठाण्यातून घरी आली तेव्हा मी भाकरी थापत होते. ती शेजारी बसली. म्हणाली, "आजी, त्यांना अर्ज सापडत नाहीये. कचेरीत हरवला असणार, होतं असं. उद्या मला परत बोलावलंय, तुम्ही फक्त येऊन सांगा की तुम्ही दिला होता. तुमचं ऐकतील." मी "हो" म्हणाले. भाकरी करपली. ती म्हणाली, राहू दे, मला करपलेली आवडते.

आज सकाळी आम्ही दोघी रिक्षाने आलो. धायरी फाट्यापासून ठाण्यापर्यंत मी तीनदा सांगायला गेले. ती माझा हात धरून बसली होती, मला धीर देत होती.

म्हणून सांगते की अर्ज कचेरीत हरवलेला नाही. तो माझ्याकडे होता. एक पानी, निळ्या शाईचा, दिनांक २१ ऑक्टोबर २००७, खाली डेचेन वांगमो हिची सही, तो मी आता हजर करत आहे. कडेला घडी पडली आहे ती गादीमुळे. कार्ड मी केले, खोट्या मजकुरावर सही मी केली, अर्ज मी दडवला, हवालदारांना खोटे मी सांगितले. तिने ते कार्ड एकदाही वापरले नाही, त्यावर फोन घेतला नाही, साखर उचलली नाही. काय कलम लागते ते मला लावावे.

साहेबांनी विचारले की अर्ज दडवला हे तिला माहीत आहे का. नाही. ते म्हणाले, आम्ही सांगू का? मी म्हणाले, नको, मी सांगते.

सदर मुलगी कोण, असे विचारल्यावरून सांगते की ती तिबेटी आहे. मंदाकिनीबाईंनी विचारले की नुसते तिबेटी लिहू का, की पुढे आणखी काही. मी म्हणाले, नुसते तिबेटी लिहा. मोठ्या अक्षरात लिहिले तरी चालेल.

साहेबांनी सांगितले की एवढ्याने भागणार नाही, तुमचे आणि तिचे नाते काय ते स्पष्ट यायला हवे. संशय राहिला तर तिलाच जड जाईल. म्हणून स्पष्ट सांगते की सदर मुलगी माझी नात नाही. ती माझ्या घराण्यातली नाही, नात्यातली नाही. ती माझी कोणीही लागत नाही.

लिहून झाल्यावर मंदाकिनीबाईंनी हा जबाब पहिल्या ओळीपासून मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे आहे आणि बाकडे दाराला लागूनच आहे, म्हणून शेवटचे वाक्य तेवढे हळू वाचावे अशी मी विनंती केली. त्यांनी ते हळू वाचले. सगळे मी सांगितले तसेच आहे. बरोबर आहे.

(सही) द्वारका सुखदेव रणपिसे